पावडरच्या दुधाचा डबा निवडताना: पाम ओलिन, बिनपाम की एसएन-२?

अंगावरचं दूध पुरत असेल तर यातला एकही डबा नको, तेच चालू ठेवा. पण डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलंय, दुकानात तीन-चार डबे समोर आहेत आणि कुणीतरी ‘पाम तेलवाला मुळीच घेऊ नका’ असं बजावलंय, अशी वेळ अनेक घरांत येते. तेव्हा डब्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, तेलांची नावं असलेली ओळ शोधा. पचनाच्या दृष्टीने बराचसा फरक तिथेच असतो.

मेदाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या तीन खुंट्या असतात आणि प्रत्येक खुंटीवर एक मेदाम्ल. आईच्या दुधातल्या मेदाम्लांत साधारण २० ते २५ टक्के पामिटिक आम्ल असतं आणि त्यातलं बहुतेक, सुमारे ७० टक्के, मधल्या खुंटीवर असतं. पाम ओलिनमध्येही, म्हणजे पाम तेलाच्या पातळ भागातही, पामिटिक भरपूर, पण ते बहुतांशी कडेच्या दोन खुंट्यांवर. स्वादुपिंडातून येणारं लायपेज, म्हणजे मेद पचवणारं विकर, कडेची मेदाम्लं तोडतं आणि मधलं ग्लिसरॉलला चिकटलेलंच ठेवतं. हे चिकटलेलं पामिटिक सहज शोषलं जातं. कडेचं मात्र सुटं पडतं. ते वितळायला जवळपास ६३ अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे बाळाच्या पोटात ते घट्टच राहतं. तिथे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम भेटलं की त्यांचा साबण बनतो, पाण्यात न विरघळणारा, आणि तो शीवाटे निघून जातो. मेदही गेला, कॅल्शियमही गेलं आणि शी घट्ट झाली. ओलेइक आम्ल सुटं झालं तरी असं अडत नाही, कारण ते १३-१४ अंशांनाच पातळ होतं.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. डब्यावर कॅल्शियमचा आकडा मोठा दिसला की आपल्याला बरं वाटतं. आईच्या १०० मिली दुधात कॅल्शियम जेमतेम ३० मिलिग्रॅम असतं, गाईच्या दुधात १२० च्या आसपास, तरी आईच्या दुधातलं बाळाला जास्त चांगलं लागू पडतं. आकड्याइतकंच ते कोणत्या मेदासोबत येतंय हेही महत्त्वाचं आहे. आईच्या दुधात तर मेद पचवणारं स्वतःचं लायपेजही असतं, ते कुठल्याच डब्यात मिळत नाही.

आता तिन्ही डब्यांकडे बघू.

पाम ओलिनचे डबे सर्रास मिळतात. पामिटिकचं प्रमाण आईच्या दुधाच्या जवळ नेण्यासाठी हे तेल घालतात. प्रमाण जुळतं, जागा जुळत नाही. पूर्ण दिवस भरलेल्या निरोगी बाळांवरच्या चाचण्यांत बिनपाम डब्यांच्या तुलनेत मेदाच्या शोषणात फरक थोडाच दिसला, पाचेक टक्क्यांचा. कॅल्शियमच्या शोषणात तो जास्त होता. २००३ साली ‘पीडिऍट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत पाम ओलिनच्या गटातल्या बाळांच्या हाडांतलं खनिजांचं प्रमाण ३ आणि ६ महिन्यांना कमी भरलं होतं.

बिनपाम डब्यात सूर्यफूल, सोयाबीन, खोबरेल अशी तेलं असतात. पामिटिक आईच्या दुधापेक्षा खूपच कमी, त्यामुळे साबण बनायला माल कमी. आईच्या दुधाची हुबेहूब नक्कल म्हणाल तर हा डबा मागे पडतो, पण मेद आणि कॅल्शियम अंगी लागायच्या बाबतीत तो पाम ओलिनपेक्षा सरस आहे.

एसएन-२ म्हणजे पामिटिक मुद्दाम मधल्या खुंटीवर बसवलेला मेद. डब्यावर ‘ओपीओ’ किंवा ‘बीटा पामिटेट’ असंही लिहिलेलं असतं. यात शी मऊ राहते आणि साबण कमी बनतो, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. पण डबा बहुधा महाग असतो आणि सगळीकडे मिळत नाही.

‘पाम म्हणजे विष’ हे मला अजिबात पटत नाही. युरोपातल्या बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेने, एस्पगाननेही, २०१९ मध्ये पुरावे तपासून सांगितलं की आरोग्याच्या कारणासाठी पाम तेल टाळाच असं म्हणण्याइतका आधार नाही, आणि एसएन-२ अत्यावश्यक आहे असं म्हणण्याइतकाही नाही.

म्हणून बाळ पाम ओलिनच्या डब्यावर असेल, वजन वाढतंय आणि शी मऊ होतेय, तर डबा बदलू नका. शीचे खडे होतायत, बाळ कुंथून लालबुंद होतंय, तर आधी पावडर आणि पाण्याचं माप तपासा. घरोघरी ‘थोडं दाट करू, पोट भरेल’ म्हणून एक चमचा जास्त पडतो, तो आधी बंद करा. माप बरोबर असूनही त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून बिनपाम डब्याकडे वळा. परवडत असेल आणि मिळत असेल तर एसएन-२ही तितकाच योग्य. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना पाम ओलिनचा आणि बिनपाम असे दोन्ही डबे सारख्याच सहज मिळत असतील, तर मी बिनपाम सुचवेन. गाईचं दूध मात्र वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नका, कारण त्यात लोह फारच कमी असतं. दिवस न भरता जन्मलेल्या बाळाला यातलं काहीच लागू करू नका. त्याची खनिजांची गरज वेगळी असते, ते गणित त्याच्या डॉक्टरांनीच मांडायचं.