फोकस्ड अल्ट्रासाऊंडसाठी एकच वाटी की शेकडो घटकांचा ॲरे?

चिरफाड न करता गाठ जाळणाऱ्या अल्ट्रासाऊंडचं प्रोटोटाइप नाशिकमध्ये करायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न ट्रान्सड्यूसरचा, म्हणजे विजेपासून ध्वनिलहरी काढणाऱ्या भागाचा येतो. तो वाटीच्या आकाराचा एकच तुकडा असू शकतो किंवा शेकडो छोट्या घटकांचा संच, म्हणजे ॲरे. अनेक जण आधी 'घटक किती?' असं विचारतात. त्याआधी फोकस, म्हणजे ध्वनी एकवटतो ती जागा, किती हलवायचाय, हे डॉक्टरांकडून काढून घ्या.

एकसंध सिरॅमिक वाटीला एक ॲम्प्लिफायर, एक मॅचिंग सर्किट (ॲम्प्लिफायर आणि वाटीचा विद्युत मेळ घालणारं) आणि एक केबल पुरते. फोकल लांबी व्यासाएवढी ठेवली तर १ मेगाहर्ट्झला फोकस साधारण १.५ मिमी रुंद आणि सेंटिमीटरभर लांब मिळतो. मात्र तो हलवायला अख्खी वाटी मोटरनं सरकवावी लागते. गर्भाशयातल्या फायब्रॉइडसाठी (कर्करोग नसलेल्या गाठींसाठी) हे चालतं. यकृत श्वासागणिक वरखाली होतं आणि वर बरगड्या आडव्या येतात. हाड ध्वनी शोषून तापतं, त्वचाही भाजू शकते. तिथे वाटी कमी पडते. वलयाकार ॲरेनं, म्हणजे एकात एक कड्यांसारख्या घटकांनी, फोकसची खोली बदलते, पण तो बाजूला सरकत नाही.

पूर्ण ॲरेत प्रत्येक घटकाची फेज, म्हणजे लहर सोडण्याची वेळ, वेगळी देता येते आणि बरगडीआड आलेले घटक बंद ठेवता येतात. अडचण गणिताची आहे. ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सुमारे १५४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी १.५ मिमी. ऊर्जा भरकटू नये म्हणून घटक अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरानं मांडून १२ सेंमी व्यासाचा पृष्ठभाग भरायचा तर सुमारे २० हजार घटक लागतील. तेवढ्या केबल आणि ॲम्प्लिफायर कोण जोडणार? घटक मोठे करून सरळ ओळींत मांडले, तर ग्रेटिंग लोब, म्हणजे फोकसबाहेरचे जोरदार झोत उठतात आणि नको तिथे ऊती तापतात. त्याऐवजी २५६ घटक, प्रत्येकी ६ मिमीचे, विस्कळीत मांडले की ही भरकटलेली ऊर्जा पसरून सौम्य होते. घटक मोठे असल्यानं फोकस मध्यापासून फार दूर नेता येत नाही आणि मधल्या फटींमुळे थोडी ताकद जाते. तरी यकृतासाठी मी हीच मांडणी निवडेन.

फ्रिक्वेन्सीत हौस नको. १० सेंमी खोलवर १ मेगाहर्ट्झची साधारण एक तृतीयांश ऊर्जा पोचते, ३ मेगाहर्ट्झची जेमतेम ३ टक्के. कवटीतून मेंदूपर्यंत जायला तर आणखी खाली यावं लागतं: हातांच्या कंपावर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध व वैद्यकीय उपकरण नियामकाची (एफडीए) मान्यता मिळालेलं यंत्र १०२४ घटकांचं आणि सुमारे ६५० किलोहर्ट्झचं आहे.

साहित्यात पीझेडटी-४ किंवा पीझेडटी-८ सारखं 'हार्ड' सिरॅमिक (वीज दिली की कंप पावणारं) जास्त ताकद सोसतं. पीझोकंपोझिटमध्ये, म्हणजे असं सिरॅमिक आणि इपॉक्सी राळ यांच्या मिश्र साहित्यात, आडवी कंपनं दबतात, पण त्यातला इपॉक्सी उष्णतेला नाजूक असतो.

ॲरेच्या कवचातली सगळी भोकं एकाच बिंदूकडे रोखलेली हवीत. त्यासाठी सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पाच अक्षांचं सीएनसी असलेलं वर्कशॉप गाठा. मात्र आधी एकसंध वाटी करून, हवा काढलेल्या पाण्याच्या टाकीत हायड्रोफोननं (पाण्यातल्या मायक्रोफोननं) तिचा फोकस मोजा. मोजणी पक्की झाल्याशिवाय २५६ ॲम्प्लिफायरवर पैसे घालू नका.