लग, फिलेट की टिग: घरी स्टीलची सायकल फ्रेम बनवायची तर जोड कसे मारायचे

स्वतःच्या हाताने सायकलची फ्रेम बनवायची खाज एकदा सुटली की पहिला प्रश्न हाच, जोड कसे मारायचे, आणि यूट्यूब बघितलं की गोंधळ अजून वाढतो कारण तिथे प्रत्येक जण आपलीच पद्धत खरी म्हणून छातीठोक सांगतो. रस्ते तीनच आहेत. लग लावून चांदीने ब्रेझ करणं (म्हणजे पाइप न वितळवता मधे दुसरा धातू वितळवून जोडणं), लग न लावता पितळेचा गोल भराव देणं म्हणजे फिलेट, आणि सरळ टिग वेल्डिंग, म्हणजे विजेच्या ज्योतीने पाइपच वितळवून जोडणं. मी इंदूरचा, त्यामुळे इथे काय मिळतं काय नाही त्या हिशोबाने लिहितोय, बाकी शहरांत थोडंफार इकडेतिकडे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फ्रेम नीट बनली असेल तर तिन्ही सारख्याच चालतात, वजनात शे-दोनशे ग्रॅम मागेपुढे. खरा फरक कानस कधी चालवायची याचा आहे. लगमध्ये मेहनत आगीच्या आधी, फिलेटमध्ये आगीच्या नंतर, आणि टिगमध्ये नंतर काहीच नाही, पण आधीचा माइटर, म्हणजे पाइपाच्या तोंडाचा काप, इतका बसलेला हवा की जोड दिव्यासमोर धरला तर फटीतून उजेड दिसता कामा नये. हॉबी म्हणून करताय तर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर यातलं कुठलं काम करायला जीव रमेल ते बघा.

लग म्हणजे काय ते कळत नसेल तर घरात आजोबांची काळी अॅटलस किंवा हर्क्युलस पडली असेल तिच्या हँडलखाली बघा, दोन्ही पाइप ज्या तुकड्यात घुसलेत तो लग. पाइप आणि लग यांच्यात साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर फट ठेवायची, फ्लक्स (गरम होताना स्टीलला गंज चढू न देणारा लेप) लावायचा, गरम करायचं आणि चांदीचा रॉड कडेला टेकवला की समईच्या वातीत तेल चढावं तशी चांदी आत ओढली जाते. ५६ टक्के चांदीचा रॉड साधारण ६५० डिग्रीला पूर्ण वितळतो, म्हणजे स्टीलला फार त्रास नाही, आणि काही वाकडं झालं तर परत गरम करून जोड सोडवताही येतो, जे नवख्याला फार मोठं सुख आहे. फ्लक्ससुद्धा गरम पाण्यात बुडवून ठेवला की सुटतो. मग अडचण काय? एक तर चांगले कास्ट लग इथे मिळत नाहीत, सियागंजचा बाजार पालथा घाला, बाहेरून मागवावे लागतात आणि वर कस्टम ड्यूटी. दुसरं, लगचे कोन ठरलेले असतात, एखादी डिग्री इकडेतिकडे करता येते, बस. वरचा पाइप उतरता हवा, उंची सहा फूट दोन इंच आहे म्हणून पुढचा भाग उंच हवा, असलं काही डोक्यात असेल तर लग तुमचं ऐकणार नाही.

आणि रॉडबद्दल दोन गोष्टी, या खरंच लक्षात ठेवा. दुकानात जाऊन सिल्वर रॉड मागितला की बरेचदा एसी-फ्रिजवाल्यांचा रॉड हातात देतात, ‘ये ही तो है भिया, सब येही ले जाते हैं’ वगैरे. तो तांबं आणि फॉस्फरसचा, चांदी नावापुरती. तांब्याच्या नळीला उत्तम, पण स्टीलवर फॉस्फरस लोखंडाशी मिळून ठिसूळ थर तयार करतो, दिसायला जोड छान दिसेल आणि खड्ड्यात गेल्यावर सुटेल. दुसरं कॅडमियम. केडीएमचे दागिने आठवतात ना, झाळायला कॅडमियम वापरायचे ते? स्वस्तातल्या ४५ टक्क्यांच्या काही चांदीच्या रॉडमध्येही तेच असतं, मस्त वाहतं पण धूर फुप्फुसांची वाट लावतो. कॅडमियम-फ्री असं पॅकेटवर छापलेलं असेल तरच घ्या, सुटा रॉड कितीही ओळखीच्याने दिला तरी नको.

फिलेटला लगच नाही. पाइपाचं तोंड दुसऱ्या पाइपाच्या गोलाईत बसेल असं कापायचं, पितळेच्या रॉडने चारी बाजूंनी भराव द्यायचा आणि मग कानस, एमरी पेपर, परत कानस, जोपर्यंत दोन पाइप एकातून एक उगवल्यासारखे दिसत नाहीत तोपर्यंत. यात कुठलाही कोन चालतो, कुठल्याही जाडीचा पाइप चालतो, माइटरमध्ये केसभर फट राहिली तरी पितळ सांभाळून घेतं. माल इथलाच, लो-फ्यूमिंग पितळी रॉड वेल्डिंगच्या दुकानात किलोने मिळतो आणि त्याच्यापुढे चांदीचा भाव आज काय आहे ते सराफ्यात रबडी खायला जाल तेव्हा बघून घ्या. फक्त पितळ वाहायला ९०० डिग्रीच्या आसपास जावं लागतं, आणि नवखा माणूस घाबरून एकाच जागी ज्योत धरून बसतो, मग पितळ उकळायला लागतं, पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा, जास्त ओढला गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. दारं-खिडक्या उघड्या, जमलं तर गच्चीवरच करा. फ्लक्स काचेसारखा कडक होतो, तासन्‌तास गरम पाण्यात ठेवायचा, ठोकून काढायचा नाही. आणि सगळ्यात मोठा धोका शेवटी असतो, कानस चालवताना भरावाच्या कडेला पाइपच घासला जातो आणि ०.८ मिलिमीटर भिंतीचा पाइप तिथे ०.५ झाला तर क्रॅक तिथूनच येणार.

टिग सगळ्यात फास्ट, सगळ्यात स्वस्त (मशीन सोडून) आणि शिकायला सगळ्यात छळणारं. इन्व्हर्टर मशीन, आर्गॉनचा सिलिंडर, टंगस्टन, हेल्मेट. करंटची भीती नको, पातळ पाइपाला ३०-४० अँपिअर पुरतात म्हणजे घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर काम होतं. पण आर्गॉनचं आवरण जराशा वाऱ्याने उडतं आणि जोड काळा, भोकाभोकांचा होतो, त्यामुळे मे महिन्यात इंदुरात पंखा बंद, कूलर बंद, वर जाड हातमोजे आणि हेल्मेट, ही तपश्चर्या करायची तयारी आहे का ते स्वतःला विचारा. शिवाय ०.८ च्या भिंतीवर हात क्षणभर रेंगाळला की भोक. पीथमपूरला किंवा सांवेर रोडला कारखान्यात कामाला असलेला, रोज टिग मारणारा मित्र असेल तर गोष्ट वेगळी, त्याच्याकडून शिकून घ्या, लग-फिलेट विसरा.

पाइपाचाही प्रश्न यातच अडकलेला आहे. लोहामंडीतला १८ गेजचा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून वेल्ड केलेला साधा पाइप) म्हणजे सव्वा मिलिमीटर भिंत, सरावाला सोन्यासारखा, फ्रेमही होते पण क्रोमोलीपेक्षा किलोभर तरी जड. क्रोमोली म्हणजे ४१३०, क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील, ताणायला जास्त मजबूत म्हणून पातळ वापरता येतो, एवढंच. लोक म्हणतात तो जास्त कडक असतो, तसं नाही, लवचिकतेत सगळी स्टीलं जवळपास सारखी. रेनॉल्ड्स आणि कोलंबस या कंपन्यांचे बटेड पाइप बहुतेक टोकाला ०.८ किंवा ०.९ आणि मधे ०.५-०.६ असतात, ते मनाला येईल त्या बाजूने कापायचे नाहीत, जाड भाग किती लांब आहे ते आधी बघायचं नाही तर जोड नेमका पातळ जागी येतो. आणि कोणाकडे जुना ५३१ चा सेट पडलेला असेल, १९३५ पासूनचं रेनॉल्ड्सचं ते मँगनीज-मॉलिब्डेनम स्टील, तर त्याला टिग लावू नका, ते ब्रेझिंगचंच आहे. उलट रेनॉल्ड्सचंच ८५३ हवेत थंड होताना जोडापाशी अजून कडक होतं, टिगवाल्यांनी तो घ्यावा.

गॅसचं सांगायचं राहिलं. ऑक्सिजन आणि डीए (अॅसिटिलीन) सिलिंडर घरात ठेवायला बायको, आई, शेजारचे काका सगळ्यांचा विरोध असणार आणि त्यांचं चूक नाही. सोपा मार्ग म्हणजे सेकंडहँड ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि एलपीजी. मिनिटाला पाच लिटर देणाऱ्यावर लगची चांदी आरामात होते, फिलेटही होतं पण बीबी शेलसारख्या (पेडलचा अॅक्सल बसतो ती नळी) जाड तुकड्याला पितळ वाहायला फार वेळ लागतो. घरगुती लाल सिलिंडर या कामाला चालत नाही, नियमातच नाही, कमर्शियल घ्या, आणि फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी नळीत शिरू न देणारी झडप) लावल्याशिवाय काडी ओढू नका.

तर मी कोणाला काय सांगेन? एकच फ्रेम बनवायचीय, जुन्या वळणाची, आडवा वरचा पाइप, बारीक टायर, आणि लगची टोकं कोरत बसायला आवडेल, तर लग, खर्च होऊ द्या. दोन-चार बनवायच्या, प्रत्येक वेगळी, आणि माल गावातच मिळायला हवा, तर फिलेट, इंदुरातल्या बहुतेकांना मी हेच सांगतो. टिग त्यालाच ज्याला वेल्डिंगच शिकायचंय आणि सायकल हे निमित्त आहे.

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मात्र पहिल्या वेळी रेडीमेड घ्या, कुठलीही पद्धत असो, कारण तो चालताना तुटला तर दात जातात. सरावाच्या जोडाला हॅकसॉने उभा कापून बघायची सवय लावा, लगमध्ये चांदी दुसऱ्या टोकापर्यंत पोचली का ते बाहेरून कधीच नक्की कळत नाही. फ्रेम सरळ आहे का ते बघायला दोरा पुरतो, एका ड्रॉपआउटपासून (मागच्या चाकाचा अॅक्सल बसतो ती खाच) हँडलखालच्या हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणायचा आणि सीटट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं, फरक मिलिमीटरभर असेल तर स्टील थंडच वाकवून बसवता येतं. आणि बीबी शेल आगीने थोडा लंबगोल होतोच, आटे परत मारावे लागतात, १.३७ इंच २४ आट्यांचा टॅप, उजव्या बाजूचा उलट्या आट्यांचा, तो कोणाकडे आहे हे ब्रेझिंगला बसायच्या आधी शोधून ठेवा.