'गेटच्या आत आठही गाड्या लागतात'

डिसेंबर २०२३. गोव्यात वागातोरला ८ आणि ९ तारखेला इंडिया बाईक वीक, म्हणजे बाईकवाल्यांचा मेळा. पुण्याहून आम्ही आठ जण निघणार होतो आणि राहण्याचं बघायचं काम माझ्याकडे होतं, कारण ग्रुपच्या मते मी चौकस.

चौकसपणा ऑक्टोबरात दाखवायला हवा होता. नोव्हेंबर संपत आल्यावर शोधायला बसलो, तर वागातोर-अंजुना पट्ट्यात जे उरलं होतं त्याचा भाव ऐकून फोन ठेवावासा वाटे. तेवढ्यात इन्स्टाग्रामवर एक व्हिला दिसला. चार खोल्या, मागे छोटा स्विमिंग पूल, तीन रात्रींचे छत्तीस हजार. फोन लावला. माणूस मराठीच, बोलणं आदबशीर. पैशाचा विषय त्याने काढलाच नाही. आधी विचारलं, "गाड्या कुठल्या, दादा?" पाच बुलेट, दोन हिमालयन, एक डॉमिनार. "मग काळजीच नको. गेटच्या आत आठही लागतात, धुवायला मागे नळ आहे."

तिथेच मी विरघळलो. परगावी रात्री गाडी रस्त्यावर लावून झोपायचं म्हणजे काय, ते गाडीवाल्यालाच कळतं. त्यालाही ते बरोब्बर माहीत होतं.

मग घाई सुरू झाली. दुसरी पार्टी अर्ध्या तासात पैसे टाकतेय म्हणे. निम्मे ॲडव्हान्स, अठरा हजार. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर नाव आलं एका मोबाईल शॉपीचं. बोट थांबलं, नाही असं नाही. विचारलं तर म्हणाला, "भावाचं दुकान आहे, त्याच खात्यात घेतो." आणि मला ते पटलं! पिन टाकला. लोगोसकट पावतीही आली.

गुरुवारी पहाटे नवले पुलापाशी जमलो. निपाणी, आजरा, आंबोलीत चहा-भजी, साडेचारला लोकेशनवर. व्हिला होता. निळं गेट, फोटोतला वाकडा माड, सगळं तेच. फक्त आत दुसरेच लोक पोहत होते. केअरटेकरने आठ हेल्मेटं बघितली आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "तुम्ही तिसरे. काल नागपूरचे आले होते." फोटो उचललेले होते, मालकाला पत्ताच नाही.

गंमत म्हणजे त्या भामट्याने फोन उचलला. "सॉरी दादा, सिस्टिमचा घोळ झाला. रिफंडचा क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका." मी टाकणारही होतो! आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याने फोन हिसकावला. "पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?"

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. आम्हाला तेरावा दिवस होता. गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने द्यायला पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ पासूनचा कायदा आहे. ते प्रमाणपत्र मागून त्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव ताडून बघितलं असतं तरी पुरलं असतं. हेही मला म्हापशातल्या लॉजवाल्याने सांगितलं. तिथे दोन खोल्यांत आठ जण झोपलो. गाड्या रस्त्यावर. मी रात्रीतून चारदा खिडकीत.

पुढच्या वर्षी बुकिंग धाकट्याकडे गेलं. तो व्हिडिओ कॉल लावून एवढंच म्हणायचा, "गेट उघडून बाहेरचा रस्ता दाखवा." पहिल्या दोघांनी फोनच कट केला.