आंडिका फॉन्ट: एवेला उत्तम, फेफेला जपून

'आंडिका' म्हणजे स्वाहिलीत 'लिही'. भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल या संस्थेने हा फॉन्ट नवसाक्षरांच्या वाचनासाठी घडवला आहे. परवाना खुला, किंमत शून्य, विकायच्या पुस्तकातही चालतो. साधा, ठळक, तिरका आणि ठळक-तिरका अशा चार फाइली बसवायच्या.

घाना-टोगोतली एवे भाषा लावून पाहिली की फॉन्टचा कस लागतो. आपल्या द-ड सारखा भेद तिथे आहे. 'ड'साठी शेपटीचा डी (ɖ). एफही दोन: साध्या एफने (f) शब्दाचा अर्थ 'तो गार होता', तर खाली लोंबणाऱ्या एफने (ƒ) 'त्याने घासून चकचकीत केलं'. अनेक फॉन्टांच्या तिरक्या वळणात साधा एफही खाली लोंबतो, मग वाचणाऱ्याने काय समजायचं?

एवेतल्या उघड्या ओवर (ɔ) सूरचिन्ह, म्हणजे आवाजाची चढउतार दाखवणारी खूण, असलेलं तयार अक्षर युनिकोडमध्ये नाही. अक्षर आणि चिन्ह वेगळे टंकावे लागतात आणि जुळणी फॉन्टवर सोडलेली असते. सुमार फॉन्टमध्ये चिन्ह उजवीकडे घसरतं. आंडिकात नेमकं डोक्यावर बसतं. त्यासाठी ओळींतलं अंतर मुळातच ऐसपैस ठेवलंय. पानं वाचवायला वर्डमध्ये ते 'एक्झॅक्टली' करून आवळलंत, तर मोठ्या अक्षरावरची चिन्हं छाटली जातात.

शेपटीच्या डीचं मोठं रूप आइसलँडिकच्या आडव्या रेघेच्या डीसारखंच दिसतं. चुकून तो वापरला, तर छापील पानावर कळतही नाही. शब्द लहान अक्षरांत बदलला की भलतंच अक्षर उमटतं. हा दोष फॉन्टचा नाही. एवेचाच कीबोर्ड बसवा.

'ङ'च्या उच्चाराच्या एंग (ŋ) या अक्षराचं मोठं रूप दोन तऱ्हांचं: उत्तर युरोपातल्या सामी भाषांत शेपटीचा मोठा एन, आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी लहान एंगच मोठा केलेला. आंडिकात दोन्ही आहेत, 'सीव्ही४३' (cv43) या सोयीखाली. लिबरऑफिसमध्ये फॉन्टच्या नावापुढे कोलन (:) टाकून ती लिहिली की झालं. वर्ड मात्र ही सोय ओळखत नाही. तिथे टाइपट्यूनर या एसआयएलच्या साधनातून हवं ते रूप कायम करून घेतलेली फाइल बसवावी लागते. हा व्याप कंटाळवाणाच.

कॅमेरूनच्या फेफे भाषेत साधा, दुमजली ए (a) आणि गोल, एकमजली ए (ɑ) ही दोन वेगळी अक्षरं. मुलांच्या सोयीसाठी आंडिकाचा साधा ए (a) हाच एकमजली ठेवलाय, त्यामुळे ती दोन्ही डोळ्यांना सारखीच वाटतात. फेफेचं पुस्तक असेल तर दुमजली ए निवडा, नाहीतर सरळ एसआयएलचाच कॅरिस हा फॉन्ट वापरा. पण तिथेही तिरका मजकूर टाळा, कारण तिरकं झालं की त्याचाही ए एकमजली होतो.