चौकोनांचा प्रिंट, नऊ महिन्यांनंतर: चित्र उत्तम, घात केला बल्बने

२४ बाय २४ इंची प्रिंट, चौकोनात चौकोन. बाहेर काळपट मरून, त्याच्या आत विटकरी, मग लाल, मधोमध नारिंगी. जाड कॉटन पेपर, पिगमेंट शाई, साधी काच. सांगलीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये नऊ महिने झाले. प्रिंट आणि फ्रेम मिळून ५,८०० रुपये गेले आणि ते वसूल झाले. राग आहे तो वरच्या स्पॉटच्या बल्बवर, म्हणून हे बरंचसं बल्बबद्दलच आहे.

पाचव्या महिन्यात मूळचा बल्ब गेला. दोन वर्षांची गॅरंटी, बिल हातात, तरी दुकानदाराने तीन हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी पांढऱ्या उजेडाचा दुसरा बल्ब टेकवला. म्हणे सात वॅटच्या जागी सात वॅट, फरक काय पडतो? फरक असा पडला की चारांतला एक चौकोन नाहीसा झाला. विटकरी आणि लाल मिळून एकच मळका पट्टा. शाई उडाली असं समजून प्रिंटवाल्याकडे तक्रार केली. ती तक्रार चुकीची होती, मागे घेतली आहे. फ्रेम उतरवून दुपारी खिडकीशी धरली तर चारही चौकोन जागच्या जागी होते.

कारण साधं आहे. विटकरी आणि लाल यांचा उजळपणा जवळजवळ सारखा. त्यांच्यातली कड टिकते ती फक्त लालीच्या फरकावर. स्वस्त एलईडीत निळ्या चिपवर पिवळा थर असतो, गडद लाल उजेड त्यातून फारच कमी निघतो. मग दोन्ही रंग तपकिरीकडे सरकतात आणि कड विरते. खोक्यावरच्या ‘सीआरआय ८०’वर, म्हणजे बल्बखाली रंग किती खरे दिसतात त्याच्या आकड्यावर, भरवसा ठेवू नका. तो आकडा आठ फिक्या नमुन्यांची सरासरी असतो. भडक लाल हा नववा नमुना, आर-नाइन, त्या सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे सीआरआय ८० असूनही आर-नाइन शून्याच्या आसपास असू शकतो आणि खोक्यावर तो सहसा छापलेला नसतो.

दुकानातच तपासायचं तर हळद-कुंकू न्या. पांढऱ्या कागदावर दोन्हींची चिमूट ठेवून बल्बखाली धरा. हळद बहुतेक बल्बखाली बरी दिसते, तिच्यावर जाऊ नका. कुंकू बघा. ते विटेसारखं मातकट दिसलं तर बल्ब परत करा. शेवटी ३००० केल्विन (पिवळसर उजेडाचा), सीआरआय ९५चा बल्ब साडेचारशेला आणला. साधा दीडशेचा. तीनशे वाचवायला जाऊन ५,८०० रुपयांच्या चित्रातला पाव भाग घालवायचा, हा हिशेब काही पटत नाही.

ही मांडणी ज्याच्यावरून घेतली आहे त्या चित्रकार जोसेफ अल्बर्सने १९५० पासून १९७६ साली मरेपर्यंत असे शेकडो चौकोन रंगवले. रंग ट्यूबमधून काढून सुरीनेच हार्डबोर्डवर लावायचा, आणि काम उबदार व थंड अशा दोन्ही ट्यूबलाइटच्या उजेडात पारखायचा. शेजार बदलला की रंग बदलतो, हे दाखवायलाच तर त्याने हा खटाटोप केला. उजेड बदलला की शेजारही बदलतो, हे त्या गॅरंटीवाल्या बल्बने दाखवलं.

स्पॉट कुठे लावायचा तेही मोजूनच ठरवा. छत साडेनऊ फुटांवर आणि चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर असेल, तर स्पॉट भिंतीपासून ३२ इंच पुढे घ्या. म्हणजे उजेड ३० अंशांनी पडतो आणि काचेतली चमक डोळ्यांत येत नाही. झोत ३६ अंशांचा घ्या. २४ अंशांचा झोत तिथून जेमतेम २७ इंचांचं वर्तुळ पाडतो, आणि चित्राचा कर्ण आहे ३४ इंच. कोपरे अंधारात जातात, बाहेरचा मरून काळा दिसतो.

आता माउंट, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती असते ती पुठ्ठ्याची पट्टी. पहिल्या महिन्यात शुभ्र पांढरं माउंट छान वाटलं होतं. मत बदललं आहे. पांढऱ्याला लागून मरून जवळजवळ काळा दिसतो आणि सगळ्यांत उजळ जागा माउंटच होऊन बसते, मधला नारिंगी पेटतच नाही. मध्यम राखाडी माउंट घातल्यावर पेटला. माउंट काढूनच टाकायचं असेल तर काच आणि कागद यांच्यात, कडेला, तीन-चार मिलिमीटरची पट्टी हवीच. पावसाळ्यात दमट कागद काचेला चिकटला की सोडवताना शाई निघते. कागद मागच्या बोर्डला पूर्ण चिकटवू देऊ नका, फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पट्टीने टांगायला सांगा. नाहीतर आषाढात लाटा उठतात. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावा म्हणजे भिंतीची ओल लागत नाही.

भिंत पिस्ता रंगाची आहे आणि ते नशिबानेच जमलं. हिरव्याशेजारी लाल जास्त लाल दिसतो. पीच रंगाच्या भिंतीवर हाच नारिंगी फिका पडला असता. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपट विणणाऱ्या (टॅपेस्ट्रीच्या) कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. शेव्रूल या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं तेव्हा धाग्यात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांनी तो तसा दिसत होता. त्यावरचं त्याचं विवेचन १८३९ साली छापून आलं. शाई उडाली म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं होतं.

प्रिंट घेतल्यावर पट्टीने मोजा: शेजारच्या दोन चौकोनांमध्ये खाली १.२, बाजूंना २.४, वर ३.६ इंच. हे १:२:३ चुकलं तर कापताना गडबड झाली आहे, लगेच परत करा.

बल्ब मात्र एकदम दोन घ्या, एकाच खोक्यातले. पुढच्या वेळी तोच माल मिळेल याची खात्री नसते. लावल्याची तारीख मार्करने बुडावर लिहून ठेवा आणि बिलाचा फोटो काढा. बिलावरची शाई मात्र खरोखर उडते.