पावलं मोजणारा पट्टा: पाच महिने वापरून झाल्यावर

थोरल्याला पंधरावं सरलं, यंदा दहावी. नववीची परीक्षा संपली आणि एप्रिलभर पोरगा कॉटवरून हलला नाही. पोटावर उशी, उशीवर मोबाईल. ओरडून झालं, वायफायचा पासवर्ड बदलून झाला (त्यानं शेजारच्यांचा मिळवला). शेवटी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानातून हा मनगटी पट्टा आणला, १,९०० रुपयांना. दुकानदार म्हणाला, "वहिनी, आठ दिवसांत पोरगं पळायला लागतंय बघा." कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं म्हणणं एकूण ह्या जातीच्या वस्तूबद्दल आहे.

पहिला आठवडा नव्याचा. गच्चीवर फेऱ्या, दुधाला स्वतःहून जाणं, सगळं झालं. दुसऱ्या आठवड्यात आकडा घसरला. तिसऱ्यात एकदम चौदा-पंधरा हजार पावलं रोज! मी तर माहेरी फोन करून सांगितलं.

आम्ही वडगावचे, घरातच दोन पॉवरलूम. एका दुपारी मी कांड्या भरत, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळत, बसले होते. पोरगा समोरच कॉटवर घोरत होता आणि उशाशी त्याचा मोबाईल थरथरला. बघते तर, "अभिनंदन! आजची दहा हजार पावलं पूर्ण." मी त्याच्या मनगटाकडे बघितलं. पट्टा नाही. मग घरभर शोधला आणि सापडला तो दुसऱ्या मागावर, फणीच्या चौकटीला दोऱ्यानं गच्च बांधलेला. आडवं सूत नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे गेला की ही चौकट पुढे येऊन सूत ठोकते, मिनिटाला शंभरेक वेळा. पट्ट्याच्या हिशेबानं तासाला सहा हजार पावलं, घाम न येता. कांडी बदलायला माग थांबतो तेव्हा बांधायचा आणि तेव्हाच सोडायचा, एवढी अक्कल त्याला होती हे नशीब. चालू मागात हात गेला असता तर बोट राहिलं नसतं. आमच्या ह्यांनी माग थांबवून पट्टा सोडला, आणि पोराच्या आधी मला म्हणाले, "मागाला चांगलं घड्याळ घेतलंस की."

चिडले खरी, पण त्या रात्री मीच पट्टा बांधून झोपले आणि दुसरा दिवस तसाच काढला. उंबरा न ओलांडता ११,२०० पावलं. त्याचा आदल्या दिवसाचा खरा आकडा, माग वजा करून, दोन हजारसुद्धा नव्हता. हे त्याला झोंबलं. "आई, तुझी पावलं नाहीत ती. कांड्या भरताना हात हलतोय तुझा." मग लागला तपासायला. गच्चीत मोठ्यानं मोजत शंभर पावलं चालला, पट्ट्यानं ९७ धरली. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन शंभर चालला, धरली बारा. हात खिशात घालून चालला तरी तीच गत. कॉटवर बसून नुसता हात हलवला, तर पावलंच पावलं. आत हालचाल टिपणारं एक बारीक यंत्र असतं, त्याला फक्त मनगटाची लय कळते. पाय आहेत की नाहीत ह्याची त्याला काही पडलेली नाही. गंमत म्हणजे पट्टा खोटा पाडायच्या नादात त्या दोन दिवसांत पोरगा महिनाभरात चालला नव्हता तेवढा चालला.

आणि दहा हजाराचं सोवळं कशाला? हा आकडा आला जपानातल्या १९६५ च्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावावरून. 'मानपो-केई' म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. विकायला बरं नाव, बस. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी पावलं सांगितलेलीच नाहीत. सरासरी रोज ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट होतील असं काहीतरी, एवढंच म्हणणं आहे. भरल्या बादल्या गच्चीवर नेणं ह्यात बसेल असं मला वाटतं. पट्ट्याला ते बारा पावलं वाटतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पट्ट्यावर नुसता आजचा आकडा दिसतो. आठवड्याचं, मागच्या महिन्याचं बघायचं तर मोबाईलमधलं ॲप उघडायला लागतं. पोराला मोबाईलपासून सोडवायला वस्तू आणली आणि तीच दिवसातून दहादा त्याच्या हातात मोबाईल देते. आकडा बघायला म्हणून उघडलेला मोबाईल अर्ध्या तासानं खाली ठेवतो. हे दुकानात कोणी सांगत नाही.

पोरगा हलला तो शेवटी सायकलमुळे. माझं माहेर येळ्ळूरचं. तिथल्या त्याच्या मामेभावानं चिडवलं, "राजहंसगडाच्या चढाला न उतरता येऊन दाखव." जुनी सायकल माळ्यावरून काढली, सीट उंच केली (आधी गुडघे हँडलला लागत होते, त्यामुळंच कंटाळत होता), ब्रेकचे रबर बदलले, साडेतीनशे रुपये. पहिल्या खेपेला निम्म्या चढात उतरला. घरी आला तो घामानं निथळत, पायात त्राण नाही, आणि पट्टा बघून ओरडला, "एवढं करून चारशे? ह्याला कळतच नाही की गं!" हँडलवर मनगट स्थिर, मग पावलं कुठली? त्या दिवशी पट्टा काढून ठेवला आणि परत बांधला नाही. आता शनिवारी-रविवारी भाताच्या शिवारातून येळ्ळूरला जातो. चढ पूर्ण झाला असं सांगतो, मामेभाऊ नाही म्हणतो. रात्री मोबाईल आहेच, ते काही गेलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. चार्जिंग आठ-नऊ दिवस टिकतं, ते चांगलं. पावसात भिजला तरी चालू राहिला. रबरी पट्ट्याचं बारीक कडं तिसऱ्या महिन्यात तुटलं, दुकानात सुटं मिळालं नाही, मी मागाच्या सुतानं बांधलंय. झोपेचा हिशेब निव्वळ थापा, कॉटवर पडून रील बघत होता तेही झोपेत धरलं. पाचपैकी दोन तारे देते. मोठ्या माणसाला वेळ बघायला हवा असेल तर तीन.

सध्या तो सासूबाईंच्या हातात आहे. तासभर बसून राहिलं की थरथरतो आणि "उठा" असं दाखवतो. काल शेजारणीला सांगत होत्या, "ह्ये मला दर तासाला ऊठ म्हणतंय बघ. सुनेनं कधी म्हटलं नाही."