क्विकसिल्व्हरची बोर्डशॉर्ट, उलटी करून पाहिलेली

कुठलाही कपडा हातात आला की मी आधी उलटा करते. सदाशिव पेठेत आल्टरेशनचं दुकान आहे माझं, लेबलावर विश्वास ठेवून ते चाललं नसतं. भाचा सर्फिंग शिकायला कर्नाटकातल्या मुल्कीला निघालाय. "मावशी, कंबर जरा आत घे," म्हणत त्याने क्विकसिल्व्हर कंपनीची बोर्डशॉर्ट, म्हणजे सर्फिंगची चड्डी, टेबलावर टाकली, तीही उलटी केली.

इलॅस्टिक नाही, चेन नाही. पुढे वेलक्रो आणि वर नाडी, बस्स. कंबरपट्टा मागे उंच, पुढे उतरता, म्हणजे फळीवर ओणवं झालं तरी मागून उघडं पडायला नको. पालथं पडून हात मारताना पोटाला चेन रुतायचा प्रश्नच नाही. आसनाला जादा टाके, कारण ओल्या कपड्याचा सगळा ताण तिथेच येतो. खिसा एकच, त्यालाही पाणी निघून जायला भोक. कापणारा स्वतः पाण्यात उतरणारा असणार, असं वाटलं. शोधलं तर तसंच निघालं.

१९६९ साली ऑस्ट्रेलियातल्या टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावात ॲलन ग्रीनने क्विकसिल्व्हर सुरू केलं, जॉन लॉ सोबतीला आला. गावातलीच रिप कर्ल कंपनी वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचे रबरी पोशाख, बनवायची, तिच्याशी ग्रीनचा संबंध होता. वेटसूटची टिचबटणं आणि वेलक्रो त्यांनी चड्डीला लावले! लोगोतली लाट आणि डोंगर होकुसाई या जपानी चित्रकाराच्या चित्रावरून घेतलेत. १९७६ मध्ये जेफ हॅकमन आणि बॉब मॅकनाइट या सर्फर जोडीने अमेरिकेतलं लायसन्स मिळवलं. त्यासाठी हॅकमनने म्हणे ग्रीनसमोर जेवणाच्या टेबलावरची नक्षीदार कागदी जाळी (डॉयली) खाऊन दाखवली. आमची गिऱ्हाइकं नुसतं डोकं खातात.

१९९० मध्ये बायकांसाठी रॉक्सी हा ब्रँड काढला, २००४ मध्ये डीसी शूज ही बुटांची कंपनी घेतली. इथवर ठीक. बर्फात घालायचे कपडे विकणं वेगळं आणि २००५ मध्ये रोसिन्योल ही अख्खी स्कीची कंपनीच विकत घेणं वेगळं. कर्ज अंगावर आलं, २००८ मध्ये ती विकावी लागली. २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, २०१७ मध्ये कंपनीचं नाव बोर्डरायडर्स, २०१८ मध्ये जुना प्रतिस्पर्धी बिलाबाँग त्यांच्याच पंखाखाली, आणि २०२३ पासून सगळा बाडबिस्तरा ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपकडे. मालक इतके बदलले, पण चड्डीचा मूळ कट मोडायची बुद्धी कुणाला झाली नाही हे नशीब.

पुण्यात समुद्र नसला तरी पावसाळ्यात सिंहगड चढायला ही उत्तम. कापड पाणी धरून ठेवत नाही, वर पिठलं-भाकरी येईपर्यंत बरीचशी वाळेल.

कंबर मात्र मी आत घेतली नाही. मागून चिमटा काढला की पट्ट्याची उंची बिघडते आणि खिसा तिरका होतो. एक साइज लहान बदलून आण म्हटलं, बाकीचं नाडी सांभाळते. आणि धुताना वेलक्रो बंद करा, नाहीतर मशिनमधल्या बाकीच्या कपड्यांचे धागे ओढून काढतो.